सशाचं पिल्लू घरी येतं तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

सशाचं पिल्लू घरी आणलं की पहिल्याच संध्याकाळी एक काळजी हमखास सुरू होते. कोपऱ्यात जाऊन बसलंय, हलत नाही, खात नाही. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

ससा म्हणजे कोल्ह्या-मांजरांचं, घारी-गरुडांचं भक्ष्य. नवी जागा, नवे वास, त्यात वरून खाली येणारा माणसाचा हात, म्हणजे त्याच्या लेखी जिवावरचाच प्रसंग. अशा वेळी तो गप्प बसणार, हे साहजिक आहे. पण त्याचं पोट फार वेळ रिकामं राहून चालत नाही. सशाला उलटी करता येत नाही. आतड्यातलं अन्न पुढे सरकायचं थांबलं की पोटात वायू धरतो, पोट दुखतं, आणि दुखतंय म्हणून तो आणखीच खात नाही. तेव्हा एक आकडा लक्षात ठेवा: 12 तास. 12 तासांत पिल्लानं काहीच खाल्लं नाही, किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर पशुवैद्याकडे जायचं. उद्या बघू म्हणायचं नाही. पिल्लू मलूल झालं असेल किंवा जुलाब होत असतील, तर 12 तासही थांबायचं नाही.

माझ्या मावशीच्या घरची गोष्ट सांगते. तिच्या नातवासाठी ससा आला. शेजारच्या गल्लीतल्या एका कुटुंबाची बदली झाली होती, त्यांच्याकडचं हे अडीच-तीन महिन्यांचं पिल्लू. पांढरंशुभ्र, नाव कापशा. दुपारी खोक्यातून आलं आणि तासाभरात निम्मी इमारत बघायला गोळा झाली. कुणी गाजर आणलं, कुणी बिस्किट, कुणी बशीत दूध. ज्याला त्याला ते मांडीवर घ्यायचं होतं. कापशा सुटला तो थेट कपाटामागे. नातू रडवेला झाला, "आजी, तो मरेल का गं?"

मावशीचं माहेर धनगरवाड्याजवळचं, लहानपण शेळ्या-करडांत गेलेलं. तिनं आधी सगळ्या पोरांना आपापल्या घरी पाठवलं. दूध उचललं, बिस्किटं उचलली. मग त्या बदली झालेल्या बाईंना फोन लावला आणि एकच प्रश्न विचारला, "तुमच्याकडे हा काय खायचा?" उत्तर आलं, वाळलेली लसूणघास (लसूण नव्हे, जनावरांना घालतात तो चारा), आणि संध्याकाळी कोथिंबिरीच्या चार काड्या. गाजर त्यानं कधी पाहिलेलंही नव्हतं! नातवाला पाठवून त्यांच्याकडची उरलेली लसूणघास मागवली, आणि तिथलं त्याच्या अंगाखालचं जुनं पोतंही. पोतं न धुता तसंच अंथरलं, कारण त्याला कापशाचा वास होता. खोक्याला दोन बाजूंनी दारं कापली, वरून जुनं लुगडं टाकलं, शेजारी गवत आणि पाण्याचं जड भांडं ठेवलं.

दिवेलागण झाली. मावशी कपाटाकडे पाठ करून खाली बसली आणि कोथिंबीर निवडायला लागली. सशाकडे बघणं नाही, हाक मारणं नाही. तोंडानं हळू आवाजात ओवी. आम्ही दारात उभे. (जाता जाता सांगते, हल्ली निवडलेली, चिरलेली भाजी पाकिटात मिळते. मला ते मुळीच पटत नाही. भाजी निवडायला घरातली माणसं अर्धा तास एका जागी बसायची, बोलायची, ते बसणंच गेलं.) तर, बऱ्याच वेळानं कपाटामागून आधी नाक आलं, मग कान. पुढे आला, दचकला, परत पळाला, पुन्हा आला. मावशीच्या पदराचा वास घेतला आणि ताटाच्या कडेची एक काडी ओढून कुरुकुरु खायला लागला. नातू पुढे झाला तशी तिनं मान न वळवता बोट वर केलं. तो जागच्या जागी थांबला.

रात्री त्यानं विचारलं, "पण पोटभर खाल्लं का, कसं कळणार?" मावशी म्हणाली, "त्याच्या तोंडाकडे नको बघू. सकाळी मागे काय पडलंय ते बघ." सकाळी पोत्यावर गोल, कोरड्या, टपोऱ्या लेंड्या होत्या. नातवानं त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवल्या.

तर श्रोतेहो, पुन्हा सांगते. आधीच्या घरचंच खाणं, वाळलेलं गवत सतत समोर, आणि शांतता. खाणं बदलायचंच असेल तर आठवडा-दहा दिवसांत थोडं थोडं बदला. लसूणघास वाढत्या पिल्लाला चालते. सहा-सात महिन्यांनंतर साध्या वाळलेल्या गवतावर आणा, कारण लसूणघासेत कॅल्शियम जास्त असतं. सशाचे दात जन्मभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात. गाजर गोड, म्हणून कधीतरी एखादी चकती पुरे. दूध, पोळी, बिस्किट नकोच. ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला जागा असतो, तेव्हा ताजं गवत त्या वेळी ठेवा. घोसासारख्या मऊ लेंड्या तो स्वतःच खातो. खाऊ द्या, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात.

जत्रेत, रस्त्याकडेला छोट्या पिंजऱ्यांतून विकतात ती पिल्लं बहुतेकदा दूध तुटण्याआधीच आईपासून काढलेली असतात. दोन महिन्यांखालचं पिल्लू घेऊ नका. आणि वाढदिवसाची भेट म्हणून तर जिवंत प्राणी देऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

कान धरून उचलू नका. उचलायचंच झालं तर मागच्या पायांखाली हात हवा, नाहीतर धडपडीत पाठीचा कणा मोडतो. आंघोळ घालू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा 30 अंशांच्या वर गेला की त्याला त्रास होतो. फरशीवर सावलीत ठेवा, बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी द्या. आणि घरातलं माणसांचं औषध त्याला कधीच देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखं साधं वाटणारं प्रतिजैविक पोटात गेलं तर सशाच्या जिवावर बेततं. सशांवर उपचार करणारे डॉक्टर सगळीकडे नसतात, म्हणून पिल्लू आणण्याआधीच चौकशी करून त्यांचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

नमस्कार.