रकाना एक, प्रश्न वेगवेगळे: दीर्घकालीन अभ्यासांची माहिती जोडताना

दीर्घकालीन अभ्यासात त्याच लोकांना काही वर्षांच्या अंतराने, फेरीफेरीने प्रश्न विचारले जातात. अशा दोन अभ्यासांच्या फाइली संगणकावर एकाखाली एक लावायला काही मिनिटं पुरतात. ‘धूम्रपान’, ‘मद्यपान’, ‘व्यायाम’ अशी रकान्यांची नावं सारखी करून घेतली की काम झालं, असं वाटतं. खरा वेळ लागतो तो एका रकान्यात आलेले आकडे एकाच गोष्टीविषयी बोलतात का, हे पाहण्यात. त्यासाठी डेटाफाइल उघडण्याआधी मूळ प्रश्नावली उघडायची. कोडबुकावर, म्हणजे फाइलीतला कोणता आकडा कोणतं उत्तर दाखवतो त्या यादीवर, भागत नाही. प्रश्नाचे नेमके शब्द, कालावधी, उत्तराचे पर्याय आणि तो प्रश्न कोणाला विचारलाच नाही, या चार गोष्टी प्रत्येक अभ्यासाच्या प्रत्येक फेरीसाठी एका तक्त्यात उतरवून घ्यायच्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढच्या बहुतेक चुका इथेच पकडता येतात.

मद्यपान घ्या. ‘आठवड्याला 5 ड्रिंक’ असं उत्तर दोन फाइलींत आहे. ब्रिटनमध्ये एक युनिट म्हणजे 8 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, ऑस्ट्रेलियात एक स्टँडर्ड ड्रिंक 10 ग्रॅमचं, अमेरिकेत 14 ग्रॅमचं. म्हणजे तोच 5 चा आकडा एकीकडे 40 ग्रॅम होतो आणि दुसरीकडे 70. म्हणून सगळं आधी ग्रॅममध्ये आणायचं. प्रश्नात बाटली किंवा ग्लास असेल तर मिलिलिटरला अल्कोहोलच्या टक्केवारीने आणि 0.789 या घनतेने गुणायचं. 330 मिलिलिटरची 5 टक्क्यांची बिअर साधारण 13 ग्रॅम भरते. मात्र ‘आठवड्यातून 3-4 वेळा’ अशा पर्यायाचा मध्य 3.5 धरणं आणि ‘6 पेक्षा जास्त’ या मोकळ्या पर्यायाला एखादा आकडा देणं, हे आपले निर्णय असतात. ते लिहून ठेवायचे आणि आकडा बदलून निष्कर्ष टिकतो का ते पाहायचं.

व्यायामात गफलत आणखी लपलेली असते. शारीरिक हालचाल मोजणारी प्रचलित ‘आयपॅक’ (IPAQ) प्रश्नावली गेल्या 7 दिवसांबद्दल विचारते आणि सलग किमान 10 मिनिटं केलेली हालचालच धरते. रोज 6 मिनिटं चालत जाणारा आणि 6 मिनिटं चालत परतणारा माणूस तिथे शून्यावर राहतो. अशी अट नसलेल्या प्रश्नावलीत तोच माणूस आठवड्याला 84 मिनिटं चाललेला दिसतो. याला गणिती उतारा नाही, कारण गाळलेली मिनिटं नोंदलेलीच नाहीत. अशा वेळी ‘आठवड्यातून एकदा तरी जोरकस व्यायाम’ असं ठोकळ वर्गीकरण चालतं, पण त्यात बारकावा जातो. माझ्या मते दोन्ही रूपं ठेवावीत: सर्वांसाठी ठोकळ, आणि ज्या अभ्यासांत मिनिटं विश्वासार्ह आहेत तिथे तपशीलवार.

प्रत्येक अभ्यासात वेगळा झेड-स्कोअर (माणूस आपल्या अभ्यासाच्या सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर आहे, तो आकडा) काढून ते जोडणं, ही लोकप्रिय पळवाट टाळावी. त्यात प्रत्येक अभ्यासाची सरासरी शून्य होते. एका अभ्यासातले लोक खरोखरच जास्त हालचाल करत असतील, तर तो फरक आपण स्वतःच्या हातांनी पुसलेला असतो. दोन्ही प्रश्नावल्या भरलेला एखादा गट मिळाला, तर तोच खरा पूल.

रिकाम्या जागांकडेही पाहा. कधीच न ओढणाऱ्याला ‘दिवसाला किती सिगारेटी’ हा प्रश्न विचारलेलाच नसतो. तिथे शून्य भरायचं. त्या फेरीत तो प्रश्न कोणालाच विचारला नसेल, तर ती माहिती गहाळ. ‘माहीत नाही’साठी वापरलेला 98 तसाच राहिला, तर फाइलीत रोज 98 सिगारेटी ओढणारे लोक तयार होतात. शिवाय दुसऱ्या फेरीत ‘रोज ओढतो’ म्हणणारा पाचव्या फेरीत ‘कधीच ओढली नाही’ असं सांगतो, हेही घडतं. आधीच्या फेऱ्या हाताशी असल्यामुळे त्याला ‘सोडलेला’ या गटात टाकता येतं. ही सोय एकदाच केलेल्या सर्वेक्षणात नसते.

इथपर्यंतचं बहुतेक लोक करतात. अभ्यासांच्या रचनेकडे मात्र फारसं कोणी वळत नाही, आणि मोठे घोटाळे तिथेच होतात.

ब्रिटनचा 1946 चा जन्मगट त्या वर्षीच्या मार्चमधल्या एका आठवड्यात जन्मलेल्यांचा आहे. त्यात 60 वर्षांचे लोक फक्त 2006 च्या सुमारास भेटतात. अमेरिकेत 1992 पासून दर दोन वर्षांनी होणाऱ्या ‘हेल्थ अँड रिटायरमेंट स्टडी’त पन्नाशी ओलांडलेले लोक येतात, अधूनमधून नव्या तुकड्याही भरती होतात, त्यामुळे साठीचे लोक प्रत्येक फेरीत असतात. जन्मगटात वय आणि कॅलेंडर वर्ष हातात हात घालून पुढे सरकतात. सिगारेट वयामुळे सुटली की बदलत्या काळामुळे, हे त्या एका अभ्यासातून कळणारच नाही. दुसरा अभ्यास जोडल्यावर थोडी वाट मिळते. पण वय म्हणजे वर्ष वजा जन्मवर्ष, हे समीकरण कायमच असतं, त्यामुळे वय, वर्ष आणि जन्मवर्ष या तिघांचे परिणाम एकाच वेळी वेगळे काढता येत नाहीत. कुठलं गृहीतक धरलं ते उघडपणे सांगावं लागतं. त्यात देशाचा फरकही मिसळतो, तो वेगळा.

पन्नाशीनंतर सुरू होणाऱ्या अभ्यासात पन्नाशीपूर्वी वारलेले धूम्रपी आलेच नाहीत. जन्मगटात ते आहेत. दोन्हींची घड्याळं ‘अभ्यासातला पहिला दिवस’ इथून सुरू केली, तर तुलना बिघडते. वय हीच काळपट्टी धरायची आणि प्रत्येकाला त्याच्या प्रवेशाच्या वयापासूनच हिशेबात घ्यायचं. पुढच्या गळतीचंही तसंच: आजारी आणि जास्त पिणारे लोक अनेकदा आधी गळतात, आणि गळतीचा वेग प्रत्येक अभ्यासात वेगळा असतो.

फेऱ्यांमधलं अंतरही पाहावं. दोन वर्षांनी विचारलं तर सोडून पुन्हा सुरू केलेली सिगारेट दिसू शकते. चार वर्षांनी विचारलं तर तो माणूस सलग ओढणारा वाटतो. तपासणी सोपी आहे: दोन वर्षांच्या अभ्यासातली एकाआड एक फेरी झाकून तेच विश्लेषण पुन्हा करायचं. उत्तर बरंच हललं, तर अभ्यासांमधला ‘फरक’ माणसांचा नसून वेळापत्रकाचा असू शकतो.

भारांक, म्हणजे नमुन्यातला एक माणूस हिशेबात किती वजनाचा धरायचा ते आकडे, तर कित्येकदा नुसते चिकटवले जातात. एका सर्वेक्षणाच्या भारांकांची बेरीज देशाच्या कोट्यवधी लोकसंख्येइतकी असते, दुसऱ्याची त्याच्या नमुन्यातल्या काही हजारांइतकी. एकत्र केल्यावर दुसरा अभ्यास उत्तरातून जवळजवळ नाहीसा होतो, आणि संगणक कसलीही चूक दाखवत नाही. प्रत्येक अभ्यासात भारांकांची सरासरी 1 करून घ्यावी, मग प्रत्येकाला किती वजन द्यायचं ते ठरवावं.

मॉडेलमध्ये अभ्यासाची ओळख शेवटपर्यंत ठेवायची. चार-पाचच अभ्यास असतील तर त्यांच्यातली विविधता रँडम इफेक्टने (अभ्यास हे एका मोठ्या समूहातले नमुने मानून) मोजायला जाऊ नये, तेवढ्यावर ती धड मोजता येत नाही. मॉडेलच्या समीकरणात प्रत्येक अभ्यासाला स्वतंत्र पद द्यावं. व्यक्तिगत माहिती संस्थेबाहेर नेता येत नसेल तर ‘डेटाशील्ड’सारख्या व्यवस्थेत माहिती जागेवरच राहते आणि फक्त सारांश आकडे बाहेर येतात. एखादा चल, म्हणजे मोजायची एखादी बाब, एका अभ्यासात विचारलाच नसेल, तर तो इतरांवरून भरून काढण्याचा मोह मी टाळतो. अभ्यासाची पातळी धरणारं बहुस्तरीय इम्प्युटेशन (गहाळ आकडे अंदाजाने भरण्याची पद्धत) असल्याशिवाय ते कल्पित आकडेच ठरतात.

जोडण्याआधी प्रत्येक अभ्यासाच्या प्रकाशित तक्त्यातलं धूम्रपानाचं प्रमाण आपल्या फाइलीतून पुन्हा काढून पाहावं. ते जुळत नसेल तर पुढे जाऊ नये. जोडून झाल्यावर एकेक अभ्यास वगळून विश्लेषण परत चालवावं, आणि एकच अभ्यास काढल्यावर परिणामाची दिशा उलटत असेल, तर एकत्रित आकडा छापण्याऐवजी अभ्यासनिहाय आकडे शेजारी-शेजारी छापावेत.