शनीच्या चंद्रांवरचा बर्फ कसा वाचायचा

शनीच्या एखाद्या चंद्राचं छायाचित्र समोर आलं, की आधी ऊन कोणत्या बाजूनं पडलंय ते पाहायचं. उजेड डावीकडून येत असेल, तर विवराची डावी भिंत सावलीत जाते आणि उजवी उजळते. टेकाडाचं नेमकं उलट. इथं गफलत झाली, तर खड्डा उंचवटा वाटतो आणि पुढचं सगळं वाचन चुकतं.

मग विवरं मोजायची. विवरांवर विवरं चढली असतील, तर तो पृष्ठभाग जुना. ती सापडतच नसतील, तर तिथलं जुनं पुसलं गेलंय, आणि ते पुसायला उष्णता लागते. इथं तापमान उणे दोनशे अंशांच्या घरात, बर्फ खडकाइतका कठीण. तो हलवणारी उष्णता आली कुठून?

मिमासचा व्यास अवघा 396 किलोमीटर. त्यावरचं हर्शेल विवर सुमारे 130 किलोमीटर रुंद, म्हणजे चंद्राच्या व्यासाचा जवळजवळ एक तृतीयांश. सगळीकडे विवरंच विवरं, म्हणून हा चंद्र आतूनही गोठलेला असणार, असाच समज होता. त्याची कक्षा हळूहळू कशी सरकते, हे तपासणाऱ्या संशोधकांनी 2024 मध्ये वेगळा निष्कर्ष मांडला: 20 ते 30 किलोमीटर खाली समुद्र आहे, आणि तो अडीच कोटी वर्षांपेक्षाही तरुण आहे. एवढ्या थोड्या काळात आतली ऊब वरपर्यंत पोहोचलेली नाही. नुसत्या विवरांवर विसंबू नये, ते यासाठीच.

टेथिसची घनता पाण्याइतकीच, म्हणजे जवळपास सगळा बर्फच. त्यावर इथाका ही 2000 किलोमीटर लांबीची दरी आहे. आतलं पाणी गोठताना फुगलं आणि कवच तडकलं, हे तिचं पटणारं कारण. डायोनीवरचे पांढरे पट्टे व्हॉयेजर यानाच्या 1980 च्या छायाचित्रांत हिमकणांचे थर वाटले होते. कॅसिनी यानानं 2004 मध्ये जवळून पाहिलं, तेव्हा ते बर्फाचे उभे कडे निघाले.

आयपेटस हे प्रकरणच निराळं. खगोलशास्त्रज्ञ जोव्हानी कॅसिनीनं तो 1671 मध्ये शोधला, पण आयपेटस शनीच्या एकाच बाजूला असताना त्याला दिसायचा. कारण त्याचा एक अर्धा भाग उजळ आहे, दुसरा कोळशासारखा काळा. फीबी या दूरच्या चंद्राची धूळ आयपेटसच्या पुढच्या, म्हणजे प्रवासाच्या दिशेकडच्या बाजूवर पडत राहते. पण नुसत्या धुळीनं एवढा फरक पडत नाही. आयपेटसचा दिवस आपल्या 79 दिवसांचा असतो, त्यामुळे काळी बाजू निवांत तापते. तिथं दुपारी उणे 144 अंश, उजळ भागात उणे 160. एवढ्या फरकानं काळ्या भागातला बर्फ वाफ होऊन उडतो आणि थंड, उजळ भागावर जाऊन बसतो. काळं अधिक काळं होतं, पांढरं अधिक पांढरं. इथं काम करते ती सूर्याची उष्णता.

आणि एन्सेलाडस. व्यास 504 किलोमीटर, दक्षिण ध्रुवाजवळ विवरं जवळपास नाहीतच. तिथं चार समांतर भेगा आहेत: प्रत्येक सुमारे 130 किलोमीटर लांब, 2 किलोमीटर रुंद, अर्धा किलोमीटर खोल. त्यांच्या तोंडाशी तापमान उणे 90 च्या आसपास चढतं. डायोनीच्या एका फेरीत एन्सेलाडसच्या दोन होतात. त्यामुळे डायोनीची पुन्हापुन्हा लागणारी ओढ त्याची कक्षा पूर्ण गोल होऊ देत नाही, म्हणून दर 33 तासांनी शनी त्याला ताणतो आणि सैल सोडतो; या ताणण्यातूनच उष्णता निघते. तो शनीपासून सर्वांत दूर असतो, तेव्हा भेगांतून उसळणारे फवारे सर्वांत जोमदार असतात.

फवाऱ्यातले जड कण परत खाली पडतात आणि जुना पृष्ठभाग झाकतात. सर्वांत बारीक कण निसटतात, त्यांचंच शनीभोवतीचं ‘ई’ नावाचं कडं बनतं. त्या कणांत मीठ सापडलं, आणि काही नॅनोमीटर आकाराचे सिलिकाचे (वाळूतल्या मुख्य घटकाचे) कणही. असे कण तयार व्हायला खडकाला भिडलेलं पाणी निदान 90 अंश सेल्सिअस गरम असावं लागतं. ऑक्टोबर 2015 मध्ये कॅसिनी पृष्ठभागापासून 49 किलोमीटरवरून फवाऱ्यात शिरलं आणि त्याला हायड्रोजन मिळाला. गरम पाणी आणि खडक यांच्या अभिक्रियेतून तो तयार होतो. म्हणजे उष्णता एन्सेलाडसच्या बर्फाखालच्या समुद्राच्या तळाशी आहे, आणि ती आजही तिथं काम करते आहे.