टेक्सासमध्ये लाईटचा प्लॅन घेताय? आधी तुमचे हक्क ऐका

नमस्कार मंडळी! आजचा विषय लाईट बिल, आणि तेही टेक्सासचं. इकडे नवीन आलं की अपार्टमेंटची चावी हातात पडायच्या आधीच विचारतात लाईट कुठल्या कंपनीची घेतली, आणि आपण बघत राहतो, कारण आपल्या डोक्यात लाईटची कंपनी म्हणजे एकच असते.

तर इथं १९९९ मध्ये सिनेट बिल ७ नावाचा कायदा पास झाला आणि १ जानेवारी २००२ पासून टेक्सासच्या बऱ्याच भागात वीज कुणाकडून विकत घ्यायची हे गिऱ्हाईक ठरवतं. तारा, खांब, मीटर मात्र ठरलेल्या कंपनीचेच, म्हणजे डॅलसकडे ऑनकॉर, ह्यूस्टनला सेंटरपॉइंट, ते तुम्ही कुणाकडूनही वीज घेतली तरी बदलत नाही. ऑस्टिन आणि सॅन अँटोनिओवाल्यांना ही निवडच नाही, तिथली वीज शहराच्या मालकीची. विकणाऱ्या कंपन्यांवर नियम लावतं टेक्सास सरकारचं पब्लिक युटिलिटी कमिशन, पुढे मी पीयूसी म्हणेन.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद, ईएफएल, म्हणजे इलेक्ट्रिसिटी फॅक्ट्स लेबल. प्रत्येक प्लॅनसोबत हा द्यावाच लागतो. त्यात वरच ५००, १००० आणि २००० युनिटला सरासरी दर काय पडतो ते तीन आकडे असतात, आणि बहुतेक जण फक्त मधला बघतात. इथंच फसायला होतं बरं का! समजा सगळं धरून दर १७ सेंट आहे आणि १००० युनिट पूर्ण झाले की १०० डॉलर क्रेडिट. मग १००० युनिटचं बिल १७० वजा १००, म्हणजे ७० डॉलर, दर दिसतो ७ सेंट, एकदम स्वस्त. पण तुम्ही ९९० वर थांबलात तर क्रेडिट गेलं, बिल १६८ डॉलर ३० सेंट! दहा युनिट कमी जाळले म्हणून जवळपास शंभर डॉलर जास्त. यात बेकायदेशीर काही नाही, सगळं त्या कागदावर लिहिलेलं असतं, म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगते की खालच्या बारीक अक्षरापर्यंत वाचा आणि आपलं गेल्या वर्षीचं महिनावार युनिट बाजूला ठेवून वाचा.

कंपनी बदलली आणि नंतर वाटलं चुकलं, तर कराराचे कागद मिळाल्यापासून ३ फेडरल कामाचे दिवस (म्हणजे शनिवार-रविवार आणि केंद्राच्या सुट्ट्या सोडून) आहेत, तेवढ्यात दंड न भरता रद्द करता येतं. पण नवीन घरात राहायला जाताना कनेक्शन घेतलंत तर ही सवलत नाही, हे फार कमी लोकांना माहीत असतं. घर सोडून दुसरीकडे गेलात तर मुदतीआधी करार मोडल्याचा दंड लावता येत नाही, फक्त नवीन पत्ता द्या, आणि पुरावा मागितला तर तोही. आणि फिक्स्ड, म्हणजे ठरलेल्या मुदतीचा करार संपायच्या आधीचे १४ दिवस, त्यात बिनदंड बदलता येतं. ही तारीख आत्ता फोनमध्ये टाका, कारण करार संपून तुम्ही काहीच केलं नाहीत की महिन्या-महिन्याच्या दरावर जाता आणि तो बऱ्याचदा चांगलाच महाग असतो.

दारावर टॅब्लेट घेऊन कुणी आलं आणि "तुमचं बिल दाखवा, जास्त भरताय का बघतो" म्हणालं तर दाखवू नका. बिलावर ईएसआय आयडी असतो, तो तुमच्या मीटरचा नंबर समजा, त्यावरून कनेक्शन दुसरीकडे वळवता येतं. तुमच्या परवानगीशिवाय असं करणं नियमाने बंद आहे, त्याला स्लॅमिंग म्हणतात. झालंच तर लगेच जुन्या कंपनीला कळवा आणि पीयूसीकडे तक्रार करा.

बिल थकलं तर? लाईट कापायच्या आधी किमान १० दिवसांची लेखी नोटीस लागते (प्रीपेडचे नियम वेगळे). हीट अ‍ॅडव्हायजरी, म्हणजे हवामान खात्याचा उष्णतेचा इशारा, चालू असेल किंवा आदल्या दोन दिवसांत दिलेली असेल तर कापता येत नाही. थंडीतही तसंच, काल पारा ३२ फॅरनहाइटच्या वर गेलाच नाही आणि पुढचे २४ तास तेच राहणार असेल तर नाही. बिल माफ होत नाही, पण त्या काळात ड्यू असलेल्या बिलाला हप्ते मागितलेत तर द्यावे लागतात. घरात कुणी विजेवर चालणाऱ्या वैद्यकीय मशीनवर अवलंबून असेल तर डॉक्टरांकडून क्रिटिकल केअरचा फॉर्म आजच भरून घ्या.

फेब्रुवारी २०२१ चं थंडीचं वादळ आठवतंय ना, विजेचा घाऊक भाव मेगावॅट-तासाला ९००० डॉलरवर गेला, म्हणजे युनिटला ९ डॉलर, आणि ज्यांचा प्लॅन थेट घाऊक भावाला बांधलेला होता त्यांना हजारो डॉलरची बिलं आली. मला अजून त्या बातम्या आठवल्या की राग येतो, थंडीत कुडकुडणाऱ्या घरांना ही बिलं! त्याच वर्षी हाउस बिल १६ हा कायदा आला आणि घरगुती ग्राहकांना असे प्लॅन विकणं बंद झालं.

तक्रार करताना आधी कंपनीकडे, तिथं नाही जमलं तर पीयूसीकडे, ऑनलाइन होते, फी नाही. त्यासाठी साइन अप केलं त्या दिवशीच ईएफएलची पीडीएफ सेव्ह करून ठेवा, प्लॅन नंतर साइटवरून गायब होतात. कुणाला आपला ईएफएल कळत नसेल तर खाली कमेंटमध्ये ते तीन आकडे आणि क्रेडिटची अट लिहा, मी बघून उत्तर देते, फक्त अकाउंट नंबर आणि ईएसआय आयडी टाकू नका.