बंपरपुढचा लोखंडी गार्ड

नमस्कार श्रोतेहो. गेल्या दिवाळीत माझ्या भाच्यानं जुनी हॅचबॅक घेतली. पहिला खर्च कशावर केला असेल? टायरवर नाही, सर्व्हिसिंगवर नाही. बंपरपुढं चकचकीत स्टीलचा गार्ड! गॅरेजवाल्यानं अर्ध्या तासात बसवला आणि वर म्हणाला, "आता रणगाडा झाली बघा!" मी भुवया उंचावल्या, तर भाचा म्हणतो, "मामा, एवढ्याशा गोष्टीला कसली आलीय परवानगी?"

आता 'एवढंसं' कशावरून ठरवायचं? मोटार वाहन कायदा १९८८चा. त्याचं कलम ५२ सांगतं, की आरसी बुकातला तपशील आणि कंपनीनं मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकानं करायचा नाही. बदल म्हणजे काय, तर रचनेतला असा फेरफार, की ज्यानं गाडीचं मूळ स्वरूपच पालटतं. सीटकव्हर घाला, पायाखाली मॅट टाका, डॅशबोर्डवर गणपती बसवा, कुणी विचारणार नाही. गार्डाचं मात्र तसं नाही. डिसेंबर २०१७मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना कळवलं, की असे गार्ड याच कलमाचा भंग आहेत, कारवाई करा. २०१९च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बेकायदा बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं.

एका पाइपासाठी एवढं? मलाही आधी अतीच वाटलं होतं. मग गाडी रॅम्पवर चढवली आणि खालून बघितली. बंपरमागचा पत्रा मुद्दाम चुरगळावा म्हणूनच तसा केलेला असतो. धडकेचा जोर त्यानं खायचा, आतल्या माणसांनी नाही. एअरबॅग उघडायची की नाही, हे ठरतं ते धक्का किती जोरात आणि किती झपाट्यानं आला त्यावरून, तेही डोळ्याची पापणी लवायच्या आत. गार्ड थेट चेसिसला बोल्टनं आवळला, की जोर त्या चुरगळणाऱ्या पत्र्याला बगल देऊन आत जातो. सगळं गणितच बिघडतं. एअरबॅग उशिरा उघडू शकते, नाहीतर नको तेव्हा. आणि रस्ता ओलांडणाऱ्याचं काय? प्लॅस्टिकचा बंपर थोडा तरी दबतो. स्टीलचा पाइप नेमका मांडीच्या उंचीवर, आणि तो दबत नाही.

गंमत म्हणजे सीएनजी किट बसवताना हेच आपण शहाण्यासारखे वागतो. मान्यता मिळालेलं किट घेतो, आरसीवर नोंद करून आणतो, दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी करून घेतो. कारण पंपावर चाचणीची प्लेट बघतात! काचांचंही तसंच. पुढची-मागची काच किमान ७० टक्के आणि बाजूच्या ५० टक्के उजेड आत सोडणाऱ्या हव्यात. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयानं २०१२मध्ये बंदी घातली, तेव्हा चौकाचौकांत फिल्म खरवडणं चाललं होतं.

एक मात्र मला खटकतं. गार्ड दुकानाबाहेर उघड टांगलेले असतात आणि चौकात पावती फाटते ती मालकाच्या नावानं.

परवा भाच्याला घेऊन त्याच गॅरेजात गेलो. गार्ड उतरवला, तर चेसिसला दोन्ही बाजूंनी ड्रिलनं पाडलेली भोकं, कडांना गंज धरायला लागलेला. गॅरेजवाला म्हणाला, "त्याला काय होतंय मामा, वरून रंग मारून देतो की."