क्रेडिट खात्यात आहे, वर्ष मोजणार कोण?

(दृश्य : इंदूरचा सकाळचा राजवाडा, सिटी बस, खिडकीशी बसलेली मुलगी)

तिच्या सॅकमध्ये एक जाडजूड फाइल आहे. बीएस्सीचं पहिलं वर्ष तिने पुण्यात पूर्ण केलं. वडिलांची बदली झाली आणि घर परत इंदूरला आलं, रामबागेत, आजीकडे. आता दुसऱ्या वर्षाला इथल्याच एका कॉलेजात बसायचं.

(दृश्य : मोबाइलचा पडदा)

डिजिलॉकर या सरकारी कागदपत्रांच्या ॲपमध्ये हे तिचं क्रेडिटचं, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाच्या मापाचं खातं. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै 2021 मध्ये नियम काढून शैक्षणिक क्रेडिट बँक उभी केली. प्रत्येक विद्यार्थ्याला 12 अंकी क्रमांक मिळतो. वर्गातले 15 तास म्हणजे 1 क्रेडिट, प्रात्यक्षिकाला 30 तास लागतात. जमा क्रेडिट 7 वर्षांपर्यंत चालतं. पण विद्यार्थ्याला स्वतः इथे काहीच भरता येत नाही. भरायचं संस्थेने.

(दृश्य : गुणपत्रिका आणि आधार कार्ड शेजारी शेजारी)

दोन्ही कागदांवरचं नाव वाचा. गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग तिचं नाव, मग वडिलांचं. आधारवर सुरुवात तिच्या नावाने. आपल्या घरांत हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. संगणकाला मात्र ही दोन वेगळी माणसं वाटतात. नाव जुळेना, म्हणून क्रेडिट्स अडकली. पुण्याच्या कॉलेजने दुरुस्ती केली तेव्हा कुठे ती खात्यात दिसली.

(दृश्य : टेबलावर पसरलेले अभ्यासक्रम, पानापानावर शिक्के)

खरं काम इथून पुढे. इंदूरच्या कॉलेजच्या प्रवेश खिडकीवर याला 'मिलान' म्हणतात, म्हणजे जुळवणी. पुण्याचा अभ्यासक्रम आणि इथला अभ्यासक्रम, घटकाला घटक लावून पाहायचा. मध्य प्रदेशाने 2021 मध्ये नवं शैक्षणिक धोरण पदवीला लागू केलं, ते वार्षिक परीक्षेच्या चौकटीत. पुण्यात सत्र पद्धत. इथे मुख्य विषय 6 क्रेडिट्सचा, 4 लेखीची आणि 2 प्रात्यक्षिकाची. तिच्याकडे तोच मजकूर लहान लहान पेपरांत विखुरलेला. रसायनशास्त्र बरंचसं जुळलं. पण इथल्या पहिल्या वर्षात सक्तीचा 'आधार पाठ्यक्रम', म्हणजे पायाभूत अभ्यासक्रम आहे, हिंदी भाषेसह. पुण्याच्या गुणपत्रिकेत तो असणार कुठून?

नियम तसा उदार आहे. ज्या संस्थेची पदवी हवी, तिथे निदान निम्मी क्रेडिट्स मिळवा, बाकीची बाहेरून आणा. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका वर्षाची 40 क्रेडिट्स धरली आहेत, तीन वर्षांच्या पदवीची 120. म्हणजे तिचं एक वर्ष या हिशेबात सहज बसतं. बँक क्रेडिट सांभाळते, पोचवते. ते कोणत्या पेपरच्या जागी धरायचं हे नव्या कॉलेजने ठरवायचं असतं, आणि ते ठरेपर्यंत टीसी निघालेली असते, विद्यापीठ बदलण्याचं मायग्रेशन प्रमाणपत्र जमा झालेलं असतं, फी भरलेली असते.

(दृश्य : पायऱ्यांवर बसलेली ती, फाइल मांडीवर)

तिला पुन्हा पहिल्या वर्षात बसवलं.

(दृश्य : प्रवेशाची रांग)

या रांगेत बाहेरच्या राज्यातून आलेली आणखी मुलं आहेत. त्यांची मिलान फी घेण्याआधी करता येते. कोणते पेपर धरले, कोणते नव्याने द्यायचे, एवढी यादी सहीशिक्क्यानिशी हातात द्यावी. त्यासाठी लागणारे दोन्ही अभ्यासक्रम छापील आहेत, तिच्या फाइलमध्येसुद्धा.