गोल शिवण, एकही चुणी न पडता

समोर दिसतंय ना, निळ्या-पांढऱ्या कापडातून नागमोडी पळणारी वाट, हे गोधडीचं डिझाइन म्हणजे ड्रंकर्ड्स पाथ, दारुड्याची वाट. अमेरिकेत दारूबंदीसाठी बायका रस्त्यावर उतरल्या, 1874 मध्ये त्यांची विमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन उभी राहिली, आणि हे डिझाइन त्या चळवळीशी जोडलं गेलं. पण नीट बघा, अख्ख्या वाटेत आकार फक्त दोनच आहेत! एक पाव चकती आणि दुसरा, कोपऱ्यात गोल खाच असलेला तुकडा. दोन्ही जोडले की एक चौकोन. असे 16 चौकोन घ्यायचे, 8 मध्ये चकती निळी, 8 मध्ये पांढरी, बाकी सगळी कमाल ते फिरवून लावण्याची.

आता जोडायचं कसं, कारण इथेच भलेभले घाबरतात आणि परत सरळ पट्ट्यांच्या गोधडीकडे वळतात.

दोन तुकडे एकमेकांवर ठेवून बघा, कडा जुळतच नाहीत. शिवण 3 इंच त्रिज्येची आणि मार्जिन, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड, पाव इंच धरलं तर चकतीची कड भरते साधारण 5.1 इंच आणि खाचेची 4.3. आणि पाव वर्तुळ केवढंही घ्या, हा पाऊण इंचाच्या वरचा फरक तेवढाच राहतो, म्हणून तर छोटी गोलाई जास्त छळते, तेवढंच कापड कमी जागेत जिरवायचं असतं. पण शिवण काही कडेवर पडत नाही, ती पाव इंच आत पडते आणि तिथे दोघांची लांबी अगदी सारखी असते. ज्यांनी गोलाईच्या शिवणीचा प्रिन्सेस कट ब्लाऊज शिवलाय त्यांच्या हाताला हे आधीच ठाऊक आहे.

दोन्ही तुकडे मधोमध दुमडून नखाने खूण करायची. खुणेवर खूण, सुलटी बाजू आत, पहिली टाचणी तिथेच. मग दोन टोकं, मग मधल्या जागा. गोलाईच्या मध्यावर कापड पूर्ण उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकं असतं, जरा ओढलं की ताणलं जातं, त्यामुळे ओढायचं अजिबात नाही, फक्त बसवायचं.

मशीनवर खाचेचा तुकडा वर ठेवा, प्लीज, हे विसरू नका. चुण्या त्याच्यातच जमतात आणि वर असला की दिसतात, बोटाने सारता येतात. टाका बारीक, स्पीड कमी, थांबलात तर सुई कापडातच रुतलेली राहू दे आणि मग प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, उचलून कापड वळवा.

इस्त्री करताना मार्जिन खाचेच्या तुकड्याकडे वळवा. चकतीकडे वळवलं तर तिची लांब कड आखूड जागेत कोंबली जाते आणि फुगवटा येतो. खाचेचं मार्जिन ताठ वाटलं तर त्याला छोटे छोटे कट मारा, टाक्याच्या जरा अलीकडे थांबून. आणि इस्त्री घासायची नाही, उचलून ठेवायची, नाहीतर उरेब कापड पुन्हा सरकतं.