अंबरनाथ: दगडात कोरलेली तारीख

कल्याण सोडलं की कर्जतच्या वाटेवर अंबरनाथ लागतं. पूर्वेला उतरायचं आणि रिक्षावाल्याला नुसतं 'शिवमंदिर' म्हणायचं. इमारतींची गर्दी संपता संपता वालधुनीच्या काठावर काळ्या दगडाचं देऊळ दिसतं. नदीबद्दल काय बोलावं? कारखान्यांच्या सांडपाण्यानं तिचा पार नाला झालाय.

गावात कुणालाही विचारा, पांडवांनी एका रात्रीत बांधलं असंच ऐकायला मिळेल. महाराष्ट्रात पांडवांच्या खात्यावर किती देवळं आणि लेणी जमा आहेत, याला गणती नाही! इथे मात्र देवळानं स्वतःचा जन्मदाखला जपून ठेवलाय. उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवर, आतल्या बाजूला, संस्कृतात एक लेख कोरलेला आहे. शके ९८२, श्रावण शुद्ध नवमी, शुक्रवार. आपल्या हिशेबानं इसवी सन १०६०.

लेखात राजा आहे मम्मुणी, उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातला. पण त्यात छित्तराजाचंही नाव येतं. तो मम्मुणीचा थोरला भाऊ. काम त्याच्या काळात सुरू झालं असावं, असं अभ्यासक मानतात. मधल्या काळात नागार्जुन हा आणखी एक भाऊ गादीवर येऊन गेला. म्हणजे एक रात्र नव्हे, तीन भावांच्या कारकिर्दी.

एवढा वेळ कुठे गेला, ते बाहेरून फिरताना कळतं. म्हणून दर्शनाची घाई न करता आधी प्रदक्षिणा घाला. भिंत कुठेही सपाट नाही. पावला-पावलाला कोन काढत ती आत-बाहेर होते, आणि ऊन सरकेल तशा सावल्या सरकतात. प्रत्येक कोनावर कुणीतरी उभं आहे. गजासुराला मारणारा शिव, दाढीवाला ब्रह्मा, देवी, सुरसुंदरी. काहींचे चेहरे झिजलेत, हात तुटलेत. तरी कमरेचा बाक आणि पावलांचा ठेका अजून शाबूत आहे.

आता वर बघा. चारही दिशांना शिखरावर चढत जाणारे उभे पट्टे, आणि त्यांच्या मधे छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी. ही भूमिज शैली, मूळची माळव्यातली. तिकडे मध्य प्रदेशातल्या उदयपूरचं उदयेश्वर मंदिर याच सुमाराला उभं राहत होतं. अंबरनाथचं शिखर मात्र मधेच थांबलेलं आहे. तीन राजे झाले, तरी आज माथ्यावर कळस नाही.

सभामंडपातून गाभाऱ्यात जायला सुमारे वीस पायऱ्या उतराव्या लागतात. डोळे अंधाराची तयारी करतात, आणि वरून थेट पिंडीवर उजेड पडलेला असतो. शिखर अपुरं असण्याचा हा एक फायदाच म्हणायचा.

१८६८ साली मुंबईच्या कलाशाळेची मंडळी इथे आली. त्यांनी मापं घेतली, नकाशे काढले आणि शिल्पांचे साचेही घेतले. आज देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे आणि पूजाही रोज चालते. महाशिवरात्रीला जत्रा भरते. रांग इतकी लांबते की भिंतीकडे मान वर करून बघायलाही सवड मिळत नाही. शिल्पं बघायची असतील तर एखादा साधा दिवस निवडा, आणि उत्तरेच्या दारातून आत गेलात की मागे वळून वर नजर टाका.